माडग्याळ मेंढरांच्या खांडात कुणाची कुणाशी संगत, हे नेटवर्कवरून कसं ठरवायचं?

जतची_पोर

नमस्कार. मी सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते, घर जत तालुक्यात. मामांचं माडग्याळ मेंढरांचं खांड आहे, लहान-मोठी धरून चाळीसेक. प्रोजेक्टसाठी त्यांच्या संगतीचं नेटवर्क काढतेय. प्रत्येक मेंढी म्हणजे एक ठिपका, दोघी एकत्र दिसल्या की मधे रेघ, आणि जितक्या जास्त वेळा दिसतील तितकी ती रेघ जाड.

ओळखायला बिल्ले लावावे लागले नाहीत. या जातीच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं असतात आणि कुठल्याही दोघींची ठिगळं सारखी नसतात. दोन्ही कुशींचे फोटो काढून वही केली. मामांना वही लागत नाही, ते लांबूनच नाव घेतात: चष्मेवाली, कानफाटी, भोरी.

दुपारी खांड सावलीला बसून रवंथ करतं, तेव्हा दर वीस मिनिटांनी कुठल्या झाडाखाली कोण कोण आहे ते टिपते. पण रान उघडं, सावलीची झाडं तीनच. त्यामुळे चित्रात सगळ्याच सगळ्यांशी जोडलेल्या दिसतात, नुसता गुंता. त्यातही चष्मेवाली अगदी मधोमध येते. ती खरंच खांडात महत्त्वाची आहे, की मला ती चटकन ओळखू येते म्हणून तिच्या नोंदी जास्त झाल्यात? सेंट्रॅलिटी, म्हणजे चित्रात कोण किती मधोमध आहे त्याचं माप, काढून लिहून मोकळं व्हावं असा सल्ला मिळतोय, पण माझं मन मानत नाही.

कारण त्यांच्यात जोड्या आहेत, हे मी रोज बघते. कानफाटी चरता चरता मागे राहिली की भोरी थांबते, मान वर करून ओरडते आणि ती जवळ आल्यावरच पुन्हा गवताला तोंड लावते. दुसऱ्या कुणासाठी ती असं थांबत नाही. हे कागदावर कसं उतरवायचं?

मिरजकर_आकडे

भोरीची ही नोंद फार मोलाची आहे, ती आधी वेगळ्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा.

आता गुंत्याबद्दल. एका घोळक्यात दिसले ते सगळे एकमेकांच्या संगतीत, हे गृहीतक या क्षेत्रात सर्रास वापरतात. न्यूझीलंडच्या डाउटफुल साउंडमधल्या 62 डॉल्फिनांचं जे नेटवर्क डेव्हिड लुसो यांनी 2003 मध्ये मांडलं, ते याच पायावर उभं आहे. तिथे ते चालतं, कारण डॉल्फिनांचे घोळके सतत फुटतात आणि नव्याने जमतात. कोण कुणाबरोबर राहिलं यात निवड असते. तुमचं खांड मामा राखतात, ते फुटत नाही. लग्नाच्या एकाच मांडवात जेवले म्हणून सगळे सोयरे ठरत नाहीत, तसंच एका बाभळीखाली बसलेल्यांचं आहे. तेव्हा झाड सोडा, शेजारीण धरा. प्रत्येक मेंढीच्या सगळ्यात जवळ कोण आहे, एका अंगाच्या अंतरात, तेवढंच टिपा.

दुपारच्या नोंदींवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात ना? ती जवळीक सावलीसाठी असते. शिवाय एकदा बसलेली मेंढी तासभर तिथेच असते, म्हणजे वीस मिनिटांनी घेतलेल्या तीन नोंदी खरं तर एकच. त्या बैठकीची एकदाच नोंद घ्या, आणि सकाळ-संध्याकाळ चरतानाच्या नोंदी वाढवा. तिथे पाय मोकळे असतात.

चष्मेवालीची शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच नुसते किती वेळा एकत्र दिसल्या ते आकडे वापरत नाहीत, प्रमाण काढतात: दोघी शेजारी दिसल्या ती संख्या, भागिले दोघींपैकी निदान एक तरी नोंदीत आली ती संख्या. याला सिंपल रेशो इंडेक्स म्हणतात. आणि जिची ओळख सोपी तिच्याकडे नजर आधी जाते, म्हणून दर वेळी खांडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने टिपत जा.

खरी परीक्षा यापुढे आहे. प्रत्येक नोंदीत जागा तशाच ठेवून त्यांवरची नावं कॉम्प्युटरकडून उलटसुलट करून घ्या. मात्र त्याच दिवसातली, त्याच झाडाखालची. असं हजारदा करा. मेंढ्यांना कुणाचीच आवड नसती तर रेघांची जाडी कितपत कमी-जास्त झाली असती, ते त्यातून कळतं. तुमच्या खऱ्या नेटवर्कमधला चढउतार त्या हजारांतल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा जास्त निघाला, तरच मैत्री म्हणा. ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेतल्या ‘एएसनाइप’ पॅकेजमध्ये या प्रकारची सोय आहे. एक खबरदारी घ्या. वय आणि मध्यवर्ती असणं यांचा संबंध तपासायला हीच फेरमांडणी पुरत नाही, तिच्यातून नसलेले संबंधही असल्यासारखे दिसतात.

आणि मेंढ्यांना ओळखच नसते असं कुणी म्हणालं तर सांगा, केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलंय की मेंढी दुसऱ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवते.

खांडवाला_कवठेमहांकाळ

ताई, गणित मला कळत न्हाई, पण मेंढरात जन्म गेलाय. मामांना आधी इचारा, भोरी आन् कानफाटी मायलेकी हाईत का? न्हाईतर जुळ्या बहिणी? मायलेकी लेक मोठी झाली तरी जवळजवळ चरत्यात. दुसरं, बाजारातनं एकाच दिवशी एकाच खांडातनं आणलेल्या मेंढ्या नव्या खांडात लई दिस एकमेकींना सोडत न्हाईत. तवा कोण घरची, कोण इकतची, कुणाची आई कोण, ह्ये सगळं लिवून घ्या.

आन् सकाळी वाघर, म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, उघडल्यावर बघा. कोण म्होरं निघतंय त्यापेक्षा कोण कुणाच्या मागं निघतंय ते बघा. सावलीचा, गवताचा काय संबंध नसतो तवा. कोकरं असल्याली मेंढी मातर त्यात धरू नका, तिचा जीव कोकरात असतो, ती सारखी मागं वळती.

जतची_पोर

दादा, मामांना लगेच फोन केला. मायलेकी नाहीत. कानफाटी घरचीच, भोरी माडग्याळच्या बाजारातून आणलेली, आणि तिच्याबरोबर आणलेली दुसरी मेंढी पुढे विकली गेली. म्हणजे भोरीने जोडीदारीण इथे येऊन केली. हे मला कधी विचारायचंच सुचलं नव्हतं, खूप आभार.

मिरजकर सर, वाघरीतून निघतानाचा क्रम व्हिडिओवर घेते. ‘मागे’ म्हटलं तर रेघेला बाण येणार ना? आणि चरताना अंतर एका अंगाचं धरू की दोन?

मिरजकर_आकडे

हो, बाण येणार. ते नेटवर्क वेगळं ठेवा, शेजारणींच्या नेटवर्कमध्ये मिसळू नका. नंतर दोन्ही शेजारी मांडून बघता येतील. अंतर दोन्ही टिपा, वहीत एक रकाना वाढेल इतकंच. भोरी-कानफाटीची रेघ दोन्ही अंतरांना जाड राहिली तर तुमचं म्हणणं भक्कम झालं. आईचं नाव आणि घरची की विकतची, हे रकाने आजच पाडा. मामांना आठवतंय तोवर सगळ्या चाळीसांचं भरून घ्या.