खान्देशातल्या पावसाची वाफ कुठून येते, हे संगणकाच्या मॉडेलने शोधून आपल्याला काय उपयोग?

तापीकाठचा:
माझं मत स्पष्ट आहे, खूप उपयोग आहे. आपल्याकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की म्हणतात, आता जळगाव-धुळ्याला पाऊस, म्हणजे पाणी तिकडचंच. पण सिस्टीम तिकडून सरकत आली तरी तिच्या दक्षिणेकडचा पश्चिमी वारा अरबी समुद्रावरची वाफ ओढत असतो. नुसत्या सॅटेलाइट फोटोवरून हे दिसत नाही. त्यासाठी फ्लेक्सपार्टसारख्या, हवेचा माग काढणाऱ्या मॉडेलमध्ये हवेचे कण उलटे मागे नेतात आणि ओलावा कुठे वाढला, कुठे घटला ते बघतात.

गिरणाथडी:
भाऊ, ओलावा वाढला म्हणजे खालून बाष्पीभवन झालं हे गृहीत धरलेलं असतं ना? शेजारची हवा मिसळली तरी तो वाढतो. एकाच डेटावर दोन पद्धती चालवा, टक्केवारी वेगळी येते. आणि मॉडेलला जो ईआरए५ नावाचा जगभरच्या जुन्या हवामानाचा डेटा देतात, त्याचा एक चौकोन साधारण 31 किमीचा, त्यात सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्या सगळ्या सपाट होतात, इथे एका गावाला धो-धो पडतो अन् शेजारच्या गावाला ऊन असतं. त्यापेक्षा मंडळातले पर्जन्यमापक नीट चालवा, विम्याचे पैसे त्यावर अडतात.

तापीकाठचा:
गावाचा पाऊस सांगायला हे नाहीच, मोसमाचा हिशोब सांगायला आहे. जून-जुलैत समुद्राची वाफ जास्त, पुढे जमीन भिजली, पिकं वाढली की जमिनीची वाफही पावसात येते. ईशान्य भारत आणि गंगेच्या खोऱ्यात मोसमाच्या शेवटी हा वाटा मोठा असतो हे अभ्यासात दिसलंय. मग वारा येतो त्या बाजूला सिंचन वाढलं, जंगल तुटलं तर वाऱ्याच्या पुढच्या भागात पावसाचं काय होईल, हे विचारायला दुसरं साधन कोणतं आहे तुमच्याकडे?

रावेरकर:
आमच्याकडे अगदी खात्रीने सांगतात की केळी वाढली, आता पाऊसही वाढेल. अहो, वाफ हवेत सरासरी 8-10 दिवस राहते आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, केळीने सोडलेलं पाणी बहुतेक पुढे विदर्भात नाहीतर मध्य प्रदेशात जाणार. एवढं जरी लोकांना कळलं तरी मॉडेलचा खर्च वसूल.

गिरणाथडी:
हे पटलं. पण "बहुतेक" वर नका थांबू दादा. पावसाचं पाणी बाटल्यांत धरा, त्यातला ऑक्सिजन-18, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, किती आहे ते तपासा, समुद्राची वाफ आणि जमिनीची वाफ यात तो सारखा नसतो. मॉडेलशी जुळलं तर मानतो.

तापीकाठचा:
मग सप्टेंबरचं पाणी आधी धरू, जमिनीचा वाटा असलाच तर तेव्हाच दिसेल.