मदत हवी आहे: मिनेसोटातील हायस्कूलचा हिवाळी हंगाम, मुलीने कुस्तीचा संघ निवडावा की स्कीइंगचा?

नमस्कार.

आम्ही या जूनमध्ये कोल्हापूरहून मिनिआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहायला आलो. मुलगी चौदा वर्षांची असून येथील सरकारी हायस्कूलमध्ये नववीत शिकते. कोल्हापुरात ती शाळेच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळत असे आणि घोट्याची पकड हा तिचा हातखंडा होता. येथे कबड्डी नाही, मैत्रिणी अजून जुळायच्या आहेत, आणि शाळेतून आल्यावर ती खिडकीशी बसून राहते हे मला रोज पाहावे लागते. त्यामुळे तिने स्वतःहून ‘मला हिवाळ्यात एखाद्या संघात जायचे आहे’ असे सांगितले तेव्हा मला फार बरे वाटले, पण निर्णय घेताना मात्र आम्ही दोघेही गोंधळलो आहोत.

येथे शालेय खेळांचे वर्ष शरद, हिवाळा आणि वसंत अशा तीन हंगामांत विभागलेले असते, हे आम्हाला उशिरा कळले. शरद हंगामाचे सराव ऑगस्टच्या मध्यातच सुरू झाले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता लागेपर्यंत ती संधी हातची गेली. हिवाळी हंगामाच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून मी ऑक्टोबरमध्येच हा धागा काढत आहे.

हिवाळ्यात तिच्या शाळेत आइस हॉकी, बास्केटबॉल, कुस्ती, नॉर्डिक (बर्फातल्या वाटांवरून लांब अंतर कापण्याचे) आणि अल्पाइन (डोंगरउतारावरून घसरत येण्याचे) स्कीइंग, जिम्नॅस्टिक्स आणि नृत्यसंघ इतके पर्याय आहेत. जलतरणही आहे, परंतु या राज्यात हिवाळ्यात फक्त मुलांचे जलतरण असते. मुलींचे शरद हंगामातच होऊन जाते. हॉकीचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. मुलींच्या हॉकीला शालेय खेळाचा दर्जा देणारे मिनेसोटा हे देशातले पहिले राज्य, तेही १९९४-९५ पासून, आणि मुलांची राज्यस्पर्धा तर १९४५ पासून भरते. अशा ठिकाणी मुले शाळेत जाण्याआधी बर्फावर उभी राहायला शिकतात. चौदाव्या वर्षी पायांत स्केट्स चढवून संघात शिरणे शक्य नाही. बास्केटबॉलमध्ये निवड चाचणी होऊन मुली गाळल्या जातात. नव्या देशातल्या पहिल्याच वर्षी तिच्या वाट्याला तो नकार येऊ नये, असे मला आई म्हणून वाटते.

उरले नॉर्डिक स्कीइंग आणि कुस्ती. दोन्ही संघ येईल त्या मुलीला घेतात, पण हंगाम एकच असल्यामुळे एकाचीच निवड करावी लागते. माझा कल स्कीइंगकडे आहे. तिचा कल कुस्तीकडे आहे, आणि त्यामागे घरचे कारण आहे. माझे सासरे करवीर तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत वाढलेले मल्ल आहेत. ताक, लिंबू, हळद आणि तेल घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौद्यात त्यांनी तारुण्याची पंधरा वर्षे घालवली आणि आजही त्यांचे दोन्ही कान मुडपलेले, गाठी झालेले आहेत. नातीने फोनवर कुस्तीचे नाव काढले तेव्हा ते काही क्षण काहीच बोलले नाहीत, आणि मग त्यांनी एवढेच विचारले: “तिथं माती हाय का गादी?”

येथे अर्थातच गादी आहे. शाळेच्या माहितीसत्राच्या दिवशी आम्ही ती खोली पाहून आलो. भिंतींनाही कमरेपर्यंत गाद्या लावलेल्या होत्या, आणि दोन मुले जंतुनाशकात बुडवलेल्या रुंद पोछ्याने जमिनीवरची गादी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत होती. ते पाहून माझी मुलगी चप्पल काढून दारातच थांबली, जशी ती आजोबांच्या तालमीच्या उंबऱ्याशी थांबत असे.

आता माझ्या शंका मांडते. कुस्तीत वजनगट असतात, आणि वाढत्या वयाच्या मुलीने वजन उतरवण्यासाठी उपाशी राहावे ही कल्पनाच मला सहन होत नाही. त्याला येथे काही आळा आहे का? संघात मुली मोजक्याच आहेत, तेव्हा सराव मुलांबरोबर करावा लागतो का? आम्ही अंडीसुद्धा खात नाही. त्या आहारावर हा खेळ झेपेल का? आणि स्कीइंगच्या बाबतीत, डिसेंबरमध्ये येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जिने आजवर बर्फ पाहिलेला नाही अशी मुलगी त्या अंधारात आणि थंडीत रोज दोन तास कशी टिकेल? साहित्याचा खर्चही मला धास्तावतो. ज्यांची मुले या हंगामांतून गेली आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद १

ताई, मी या भागात अठरा वर्षांपासून राहते आणि माझी दोन्ही मुले नॉर्डिक संघात होती, म्हणून स्कीइंगविषयी खात्रीने लिहू शकते.

आधी एक तातडीची गोष्ट. कोणत्याही संघात जाण्यासाठी डॉक्टरांकडून क्रीडा-तपासणी करून घ्यावी लागते. ती एकदा केली की राज्याच्या शालेय क्रीडा लीगच्या नियमानुसार तीन वर्षे चालते, पण नोव्हेंबरच्या तोंडावर डॉक्टरांची वेळ मिळणे कठीण होते, तेव्हा हे काम याच आठवड्यात उरका. तुम्ही सहकुटुंब येथे राहायला आला आहात, त्यामुळे शाळा बदलणाऱ्या मुलांना लागू होणारी एक वर्षाची वर्सिटीबंदी (म्हणजे शाळेच्या मुख्य संघातून खेळण्यास मनाई) तिच्या आड येऊ नये. तरीही शाळेच्या क्रीडा संचालकांकडून तेवढे लेखी घ्या.

नॉर्डिक हंगाम नोव्हेंबरच्या मध्यात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात उत्तरेकडे बिवाबिकजवळच्या जायंट्स रिज येथे राज्यस्पर्धा होऊन संपतो. सुरुवातीला बर्फ नसला तर मुले टेकड्यांवर काठ्या घेऊन धावतात किंवा चाकांच्या स्कीवर सराव करतात. मग क्लासिक आणि स्केट अशा दोन पद्धती शिकवल्या जातात. क्लासिकमध्ये कोरलेल्या दोन खाचांतून सरळ चालत गेल्यासारखे जायचे असते आणि स्केटमध्ये बर्फावर दोन्ही बाजूंना ढकलत. दोन्हींच्या स्की वेगळ्या, म्हणून खर्च दुप्पट वाटतो, परंतु नवे काही विकत घेऊ नका. दुकाने संपूर्ण हंगामासाठी स्की, बूट आणि काठ्या भाड्याने देतात आणि बऱ्याच संघांकडे जुन्या मुलांनी ठेवून गेलेले साहित्य असते. स्कीच्या तळाला लावायचे जुने मेण कोणी दिले तर मात्र घेऊ नका. फ्लोरिनयुक्त मेणावर १ जानेवारी २०२५ पासून या राज्यात विक्रीबंदी आहे, आणि ते तापवताना निघणारा धूर फुफ्फुसांना घातक असतो.

थंडीची भीती मलाही होती. अंगाला सुती कपडा लागू द्यायचा नाही, हा पहिला नियम. सुती बनियन घामाने भिजले की वारा थेट हाडांत शिरतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर वारा अडवणारे जाकीट, गळ्याभोवती नाकापर्यंत ओढता येणारी पट्टी आणि बोटे जोडीने राहतील असे हातमोजे एवढे असले की मूल चालू लागल्यावर दहा मिनिटांत तापते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उणे २० अंश सेल्सिअसखाली शर्यत घेत नाहीत, आणि शाळाही कडाक्याच्या दिवशी सराव घरात घेतात किंवा रद्द करतात. अंधाराचा प्रश्न दिव्यांच्या वाटा सोडवतात. मिनिआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये कृत्रिम बर्फ आणि दिवे दोन्ही आहेत; २०२३-२४ चा हिवाळा जवळजवळ कोरडा गेला, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेच विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. शेजारच्या स्टिलवॉटरच्या हायस्कूल संघातून पुढे आलेली प्रसिद्ध स्कीपटू जेसी डिगिन्स त्या दिवशी घरच्या प्रेक्षकांसमोर धावली. माझी मुलगी रस्सीला टेकून ओरडत होती. तिचा आवाज दोन दिवस बसला होता.

या संघाचा मोठा गुण असा की येथे कोणी बाकावर बसत नाही, सगळीच मुले शर्यतीत धावतात. परंतु मनापासून सांगते, स्कीइंग हा ज्याचा त्याने आपल्या श्वासाशी खेळायचा खेळ आहे. तुमच्या मुलीला घोट्याची पकड आवडते. धावण्यात तिला तोच आनंद मिळेल का, हे तिला शांतपणे विचारा, आणि तिचे उत्तर आपल्या भीतीपेक्षा वरचे माना.

प्रतिसाद २

मी आयोवाहून लिहीत आहे. माझी मुलगी तीन हंगाम हायस्कूलची कुस्ती खेळली, म्हणून तुमच्या शंकांना क्रमाने नाही, पण जमेल तसे उत्तर देतो.

वजनाविषयीची तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि या देशाने त्याची किंमत मोजलेली आहे. १९९७ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन झपाट्याने उतरवताना दगावले, आणि त्यानंतर नियम कडक होत गेले. आता हायस्कूलमध्ये हंगामाच्या सुरुवातीला आधी लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी आहे याची खात्री करतात आणि मगच चरबीचे प्रमाण मोजतात. मुलींच्या बाबतीत १२ टक्के आणि मुलांच्या बाबतीत ७ टक्के चरबी गृहीत धरून किमान वजन ठरते, त्याखालच्या गटात उतरता येत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन घटवता येत नाही. तरीही घरी एक नियम तुम्ही करा: पहिल्या वर्षी तिने ज्या वजनाची आहे त्याच गटात खेळायचे. आमच्या घरी तो नियम होता आणि त्यावर कधी वाद होऊ दिला नाही.

आहाराचे म्हणाल तर दूध, दही, पनीर, डाळी, शेंगदाणे आणि तूप यांवर आपल्याकडे शाकाहारी मल्ल वाढलेच आहेत. डबा मात्र दोन द्या, कारण दुपारच्या जेवणानंतर सरावापर्यंत फार वेळ जातो. शनिवारच्या स्पर्धेला पहाटे अंधारात बस निघते आणि परत यायला रात्र होते. दशम्या आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू तेव्हा फार कामी आले.

मिनेसोटात मुलींची स्वतंत्र राज्यस्पर्धा मार्च २०२२ पासून होते, आमच्याकडे २०२२-२३ च्या हंगामापासून शाळांनी मुलींची कुस्ती अधिकृत केली. त्यामुळे स्पर्धेत समोर मुलगीच असावी हे आता बहुतेक साधते, पण मुली थोड्या असल्या की सरावात वजनाने जुळणाऱ्या मुलाशी जोडी लागू शकते. आम्ही पहिल्याच बैठकीत प्रशिक्षकांना विचारून घेतले, तसे तुम्हीही निःसंकोच विचारा. जोडीदार नाकारण्याचा हक्क तिला आहे हे तिच्यासमोरच बोलून घ्यावे.

त्वचेकडे लक्ष ठेवा. गादीवरून गजकर्ण पसरते, म्हणून लढतीपूर्वी त्वचेची तपासणी होते. सराव संपला की तेथेच अंघोळ, आणि कपडे रोजच्या रोज धुतलेच पाहिजेत. पिशवीत ओला पोशाख रात्रभर राहिला तर दोष मुलीचा नाही, आपला. कानांसाठी कवच असलेली पट्टी येथे सक्तीची आहे, तेव्हा आजोबांसारखे कान होणार नाहीत.

आजोबांना एक फरक जरूर सांगा, त्यांना त्यात रस वाटेल. येथील पद्धत ऑलिंपिकसारखी फ्रीस्टाइल नाही. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. पट काढून खाली आणले की २०२४-२५ पासून तीन गुण मिळतात, खालच्या मल्लाने निसटून उभे राहिल्यास त्याला एक, आणि उलटून वर आल्यास दोन. दोन्ही खांदे दोन सेकंद टेकवले की चितपट. खाली सापडल्यावर छाती टेकून वेळ काढणे येथे चालत नाही, सतत उठण्याचा प्रयत्न करावा लागतो. कबड्डीत पकडीतून रेषेकडे हात लांबवणाऱ्या मुलीला ही चिवट धडपड उपजत येते, असे माझ्या मुलीवरून सांगतो; तीही आधी कबड्डीच खेळायची.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी गेल्या आठवड्यात झाली. पहिल्या प्रतिसादातला प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आई, धावताना मला कोणीतरी समोर लागतं.” त्यानंतर मी स्कीइंगचा विषय काढला नाही, आणि कुस्तीचा अर्ज भरून दिला.

प्रशिक्षकांना सरावाच्या जोडीदाराविषयी विचारले. या वर्षी संघात पाच मुली आहेत आणि त्यांपैकी एक हिच्या वजनाच्या जवळची आहे, तेव्हा बहुतेक दिवस त्या दोघींची जोडी राहील. वजनगटाचा घरचा नियम तिने लगेच मान्य केला.

गुणांची पद्धत मी सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवली. निसटून उभे राहिल्याबद्दल गुण मिळतो हे त्यांना इतके आवडले की त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. आता रोज सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, ते व्हिडिओवर तिच्याकडून बैठका मोजून घेतात, आणि मान कशी ताठ ठेवायची ते शेजारच्या मुलाला समोर उभे करून दाखवतात.

एक छोटी मदत अजून हवी आहे. कुस्तीचे बूट घोट्याच्या वर येणारे आणि पातळ तळव्याचे असतात, आणि ते नेहमीच्या मापापेक्षा लहान निघतात असे दुकानात सांगितले. तिचे पाय अजून वाढत आहेत. एक माप मोठे घेऊन जाड मोजे घालावेत, की अगदी पायाला बसणारेच घ्यावेत? पहिला सराव सोमवारी आहे.