अनुभव धागा: मराठवाड्याच्या मैदानापासून राज्य संघाच्या निवडीपर्यंत

रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेत आपल्या राज्यातून मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ उतरतात. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यांपैकी महाराष्ट्राच्या संघाकडे पाहतात. पैठणचे अंकित बावणे, जालन्याचे विजय झोल, तुळजापूरचे राजवर्धन हंगरगेकर आणि बीडचे सचिन धस यांचा आपल्याला अभिमान आहेच. परंतु जे वाटेतच थांबले, त्यांनीही येथे लिहावे, आणि रचनेत काय बदलायला हवे तेही सांगावे.

परभणी, माजी वेगवान गोलंदाज: एकोणीस वर्षांखालील निवड चाचणीसाठी रात्रीच्या गाडीने पुण्याला पोहोचलो, तेव्हा आयुष्यात प्रथमच टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, गोलंदाजी केली. मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, छातीपर्यंत उसळणारा माझा चेंडू तिथे गुडघ्याच्या वर येईना, आणि टप्पा पुढे आणायला हवा हे उमगेपर्यंत माझी पाळी संपली होती. निवड समितीने जे पाहिले, त्यावरून दिलेला निर्णय चुकीचा नव्हता. पण तीच समिती आमच्या जिल्ह्यात एखादा दोन दिवसांचा सामना पाहायला बसली असती, तर उन्हात पंधरावे षटक टाकतानाही माझा वेग टिकतो, हे तिला दिसले असते.

बीड, पालक: आमच्या तालुक्यात सीझन (चामड्याच्या कठीण) चेंडूने खेळणाऱ्या अकरा मुली जमत नाहीत, म्हणून माझी लेक मुलांबरोबर खेळते. शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांचा मिळून मुलींचा एक संघ करता येईल.

लातूर, प्रशिक्षक: विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकल्यापासून आमचे पालक ‘मराठवाड्याचाही वेगळा संघ हवा’ असे म्हणतात. त्यांची भावना मला कळते, तरीही ही मागणी मला आज घाईची वाटते. विदर्भाच्या यशामागे निवासी अकादमी आणि वर्षानुवर्षांची तयारी होती. आमची मुले मात्र पहिला सामना हरली की पुढच्या हंगामापर्यंत टेनिस चेंडूकडे वळतात. आधी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक टर्फ खेळपट्टी आणि ती राखणारा पगारी माळी हवा. त्यानंतर आठ जिल्ह्यांची तीन दिवसीय साखळी स्पर्धा भरवावी, म्हणजे प्रत्येक मुलाला हंगामात सात सामने मिळतील आणि एका अपयशाने त्याचे वर्ष वाया जाणार नाही.

नांदेड, गुणलेखक: अनेक वर्षांच्या गुणवह्या माझ्या कपाटात पडून आहेत. त्या आजवर कोणत्याही निवड समितीने मागितलेल्या नाहीत. कुणी मागितल्यास मी स्वतः नेऊन देईन.