पासवर्ड विचारायलाच दहा सेकंद

रामबागवाला (इंदूर):
काकांची सियागंजात किराण्याची पेढी आहे. माळ्यावर डेबियनचं (लिनक्सचं) एक मशीन ठेवलंय, हिशेबाच्या फाइलींसाठी. सांभाळतो मी, रामबागेतल्या घरून. दिवाळीनंतर वैताग सुरू झालाय: एसएसएच (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) मारलं की स्क्रीन गप्प, आणि मोजून दहा सेकंदांनी पासवर्ड विचारतं. आत गेलं की सगळं चपळ. लोड नाही, मेमरी रिकामी. पेढीवर जाऊन त्याच स्विचला लॅपटॉप लावला, तिथेही दहाच. काका म्हणतात, "पोहे खाऊन ये, तोवर उघडेल."

एसएसएचला तीन 'व्ही' लावून, म्हणजे प्रत्येक टप्पा दाखवायला सांगून, पाहिलं. 'की एक्स्चेंज' (गुप्त किल्ल्या ठरवणं) झटकन होतं, 'सर्व्हिस अ‍ॅक्सेप्ट' मिळाल्याच्या ओळीनंतर अडकतं. क्लायंटवर जीएसएसएपीआय (ओळख पटवायची एक पद्धत) बंद केलं, फरक शून्य. मशीनचं घड्याळही दोनेक मिनिटं मागे पडलंय, पण तो वेगळा विषय, सवडीने बघेन.

मांडवीकडचा (बडोदा):
पासवर्डच्या आधी थांबतं की नंतर, हे सांगितलंत ते बरं केलंत. माझ्याकडे पासवर्ड दिल्यावर पंचवीस सेकंद जायचे. डी-बस (प्रोग्रॅमांमधला निरोप्या) रीस्टार्ट केल्यावर सिस्टमडी-लॉगिनडी (लॉगिनची नोंद ठेवणारं) रुसलं होतं. तेही रीस्टार्ट केलं आणि सुटलो. तुमचं ते नाही. तुमचं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव शोधणं. एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये यूज-डीएनएस काय आहे?

रामबागवाला:
'यस'! फाइल जुन्या सर्व्हरवरून उचलून ठेवली होती, तेव्हापासून उघडलीच नाही.

लष्करचा म्हातारा (ग्वाल्हेर):
ओपनएसएसएचने (तुमच्या मशीनवरचं एसएसएच तेच) 6.8 आवृत्तीत, म्हणजे 2015 साली, ते मुळातच 'नो' केलं. तुमच्या सर्व्हरला मात्र आलेल्या प्रत्येकाच्या आयपीवरून नाव शोधायचंय. उत्तर आलं नाही तर रिझॉल्व्हर (नाव शोधून देणारा) पाच सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा पाच. झाले दहा.

पण बाळा, 'नो' करून गप्प बसू नकोस. घड्याळ वेगळा विषय नाही. वेळ जुळवणारे सर्व्हर नावाने शोधले जातात. नाव सापडलं नाही तर घड्याळ आपल्या मनाने चालणारच. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघड, नावं कुठल्या नेमसर्व्हरला विचारायची ते त्या फाइलीत असतं. दिवाळीला ब्रॉडबँड बदललंत का?

रामबागवाला:
आजोबा, पाया पडतो. बदललं होतं. फाइलीत एकच नेमसर्व्हर, तोही जुन्या कंपनीचा. कनेक्शन तोडल्यावर तो आपल्याला कशाला उत्तर देईल! पेढीतले बाकी कॉम्प्युटर राउटरकडून नेमसर्व्हरचा पत्ता घेतात, म्हणून कुणालाच कळलं नाही. मी शहाणा, या एकाच मशीनवर हाताने लिहून ठेवला होता.

राउटरचा पत्ता टाकला, पासवर्ड लगेच विचारला. मग यूज-डीएनएसही 'नो' केलं. घड्याळ जुळलं. पुढे पाहतो तर दिवाळीपासून एकही अपडेट आलेलं नाही.

मांडवीकडचा:
अपडेट अडकल्यावर मेल यायची सोय नव्हती?

रामबागवाला:
होती की. मेलच्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएसच लागतं, भिया. सगळे मेल रांगेत पडून होते. आत्ता सगळे एकदम येतायत.

लष्करचा म्हातारा:
अपडेटमध्ये एसएसएच जुनी कॉन्फिग ठेवू का विचारेल. घाईत एंटर दाबू नकोस, फरक वाच. रीस्टार्टआधी कॉन्फिग तपासायला 'एसएसएचडी -टी' चालव आणि एक सेशन उघडं ठेव, नाहीतर पुन्हा माळ्यावर चढावं लागेल.