मुलाला ८ तासांतच खायला द्यायचं, घरचे ऐकत नाहीत

मुलगा १२ वर्षांचा, वजन ६८. डॉक्टर म्हणाले सकाळी १० ते संध्याकाळी ६ मध्येच सगळं खाणं उरकायचं, बाकी वेळ फक्त पाणी. पण कोथरूडहून क्लास संपवून घरी यायलाच ७ वाजतात आणि सासूबाई लगेच "पोर उपाशी झोपणार का?" म्हणत तूपसाखर पोळीचा रोल हातात देतात, नवरा पेपरात तोंड घालून गप्प. काय करू?

सदाशिवपेठी: त्याच आजी एकादशीला स्वतः उपास करतात ना? (साबुदाण्याची खिचडी वाटीभर, तो भाग वेगळा.) पुढच्या व्हिजिटला त्यांनाच न्या, सुनेचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात.

मीनल: हे डॉ. दीक्षितांच्या डाएटसारखं (दिवसातून दोनदाच, ५५-५५ मिनिटांत जेवायचं) स्वतःच्या मनाने करू नका हां, ते १८ वर्षांखालच्यांसाठी नाहीच. वाढीचं वय आहे, चक्कर, चिडचिड, लपून खाणं दिसलं तर लगेच सांगा. आमच्या लेकीच्या दप्तरात बाकरवडीची पिशवी सापडली होती.

प्रश्नकर्ती: लपून खाणं चालू आहेच बहुतेक, घरातला खाऊचा डबा रिकामा असतो. क्लासची बॅच बदलून बघते, आणि वेळ ११ ते ७ चालेल का हे डॉक्टरांना विचारते.

सदाशिवपेठी: आणि नवऱ्यालाही तेच टायमिंग लावा.