व्यायामाला सलग तास कशाला हवा?
लहान पोर असलेल्या आईला व्यायामाला वेळ मिळत नसेल, तर पहाटे पाचला उठून सलग तास काढा, असा सल्ला देतात. तो रात्रभर सलग झोप मिळणाऱ्यांसाठी ठीक आहे. पोर रात्री दोनदा उठवत असेल तर आहे ती झोप मोडू नका, असं माझं मत. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनेही 'एका वेळी निदान १० मिनिटं' ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून उठाबशा चालतात. लेक पायाला मिठी मारून लोंबकळते, तेवढंच वजन फुकट! नुकतंच बाळंतपण झालं असेल तर मात्र पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. आणि रविवारी पोर नवऱ्याकडे सोपवून सरळ चालायला बाहेर पडा. सांभाळतो तो बरोबर.