बर्लिनमधला पहिला रविवार
तीन महिने बर्लिनला राहायचंय, पहिल्या आठवड्यात काय काय बघू, असं विचारलंत. सगळ्यांनी संग्रहालयं सुचवली आहेत. मी म्हणेन, आधी शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-अंडी-ब्रेड घरात आणून टाका. रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद! मी शनिवारी रात्री पोचले आणि दुसऱ्या दिवशी घरून नेलेल्या मेतकूट-भातावर दिवस काढला. मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं रविवारीही उघडी असतात, हे नंतर कळलं.

पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली सरकवली की ते गुरगुरत गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं, ती काउंटरवर वटते. (या कामाची मला जरा चटकच लागली होती.)

मेट्रोला फाटक नसतं, म्हणून गाफील राहू नका. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड ६० युरो, 'नवीन आहे' म्हणून सूट नाही.

आणि मंगळवारी किंवा शुक्रवारी माइबाखउफरला कालव्याकाठचा तुर्की बाजार गाठा. कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, ऑलिव्ह, ताजे पराठ्यासारखे ग्योझलेमे. आवराआवरीच्या वेळी विक्रेते भाव पाडून ओरडायला लागतात, अगदी आपल्या मंडईसारखे. मला तिथला भाजीवाला तिसऱ्या खेपेला ओळखायला लागला, न मागता मिरच्या टाकायचा पिशवीत.